हिरव्या बटणावरचा चिंचोका

लग्न होऊन मी पुंडलिकनगरात आले तेव्हा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, एका छोट्या कारखान्यात पॅनल वायरिंग करत होते. कारखान्यातल्या मोठ्या मोटारी चालू-बंद करायला भिंतीवर लोखंडी डबे लावलेले असतात, त्यांना स्टार्टर म्हणतात. त्या डब्यांच्या आतल्या वायरी जोडायचं माझं काम. आयटीआय करून लागलेल्या आम्ही सात जणी होतो. दिवसभर स्क्रू आवळायचे आणि शेवटी डबा टेस्टिंगच्या टेबलावर ठेवून हिरवं बटण दाबायचं. आतून ‘खट्’ असा आवाज आला की डबा पास. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी ‘मुलगी इलेक्ट्रिकमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. त्यामुळं लग्नानंतर कितीतरी दिवस सासूबाईंची समजूत अशी होती, की मी घरोघर मीटरचं रीडिंग घेत हिंडते.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडं रीतच तशी. त्यांची शेती बिडकीनकडं. दोन वर्षं लागोपाठ पाऊस नीट झाला नाही, विहिरीच्या तळाचा खडक उन्हात पांढरा दिसायला लागला, तेव्हा दोघं जमीन तशीच ठेवून ‘महिनाभर’ म्हणून आमच्याकडं राहायला आली. मामा चार दिवस ओट्यावर बसले. पाचव्या दिवशी त्यांनी शेजारच्यांच्या कढीपत्त्याची न विचारता छाटणी केली. शेजारी म्हणजे जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले काका. ते भांडायला आले आणि चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून माझ्या अबोलीची छाटणी करायला निघाले. तेव्हा यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, “बाबांना काहीतरी काम दिलं पाहिजे. नाहीतर गल्लीत एक झाड राहायचं नाही.”

आमच्या आजूबाजूला तेव्हा प्लॉट संपत चालले होते. जिथं कालपर्यंत बाभळी होत्या तिथं स्लॅब पडत होते, आणि दर महिन्याला नवी बिऱ्हाडं येत होती. दळणाला मात्र लांब जावं लागायचं. म्हणून रस्त्याकडच्या खोलीत आम्ही गिरणी टाकली. एक पिठाची चक्की आणि एक मिरची-मसाल्याचं यंत्र. मिरचीच्या यंत्राला दहा हॉर्सपॉवरची मोटार. तिचा स्टार्टर मी स्वतः, माझ्या हातानं बनवला. डबा आमच्या कारखान्यात रंग खरवडल्यामुळं नाकारलेला, पण आतलं काम एक नंबर. निदान मी तरी गल्लीभर तसं सांगत होते.

उद्घाटनाला मामांनी नारळ फोडला, डब्याला हळद-कुंकू लावलं आणि हिरवं बटण दाबलं. खट्! मोटार फिरायला लागली. मामा बटण दाबूनच उभे.

“मामा, सोडा आता,” मी म्हणाले.

“सोडलं की बंद पडंल ना.”

“नाही पडत.”

त्यांनी विंचवावरून हात काढावा तसा अंगठा बाजूला घेतला. मोटार चालूच. ते डब्याच्या मागं जाऊन बघून आले. मग मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, “मी दाबलं म्हणून सुरू झालं, हे पटलं. पण मी सोडल्यावर आत कोण धरून ठेवायलंय?”

हा प्रश्न आयटीआयमध्ये मला कुणी विचारला नव्हता. पुस्तकात ‘होल्डिंग कॉन्टॅक्ट’ असं होतं, ते आम्ही पाठ केलं आणि पास झालो. मामांना ते शब्द सांगितले तर ते म्हणाले, “नाव नगं, माणूस सांग.”

मग रात्रीच्या जेवणाआधी मी घरातल्या सगळ्यांनाच स्टार्टर केलं.

आत्यांना खुर्चीवर बसवलं. त्या म्हणजे आतली कॉइल, करंट मिळेल तोवर ओढून धरणारं तारेचं वेटोळं. त्यांच्या हातात एक दोरी दिली, तिचं एक टोक यांच्या मनगटाला आणि दुसरं माझ्या मनगटाला, दोन्ही खिडकीच्या गजावरून ओढून बांधलेली. आत्यांनी दोरी ओढली की आमचे दोघांचे हात वर. करंट म्हणून बटाटे घेतले. (पाणी घेतलं असतं तर जास्त पटलं असतं, पण त्या वर्षी पाणी सांडण्याची हिंमत कुणात होती!) बटाट्यांची टोपली शेजारच्या काकांकडं. काका म्हणजे लाल, म्हणजे बंद करायचं बटण. ते दाबेपर्यंत त्यातून करंट जातच असतो. म्हणून त्यांनी एकेक बटाटा पुढं करत राहायचं. मामा म्हणजे हिरवं बटण. त्यांनी काकांकडून बटाटा घेऊन आत्यांना द्यायचा.

“आत्या, तुम्हाला बटाटे मिळताहेत तोवर दोरी ओढून धरायची. बटाटा थांबला की सोडायची.”

“अन् ह्यानं काय करायचं?” आत्यांनी मुलाकडं बोट दाखवलं.

“यांचा हात वर गेला की मोटार सुरू. त्यांनी घर्रर्र करायचं.”

विमा कचेरीत दिवसभर फायली बघून आलेला माणूस, पण बायकोच्या शिक्षणाचा मान ठेवून तयार झाला.

मामांनी काकांकडून बटाटा घेतला, आत्यांना दिला. आत्यांनी दोरी ओढली. यांचा हात वर, घर्रर्र सुरू. त्याच ओढीनं माझाही हात वर गेला आणि काकांच्या हातापर्यंत पोचला. आता मीही काकांकडून बटाटे घेऊन आत्यांना द्यायला लागले.

“मामा, आता तुम्ही बाजूला व्हा.”

मामा बाजूला झाले. बटाटे माझ्या हातून जातच राहिले. आत्या दोरी धरून, हे घर्रर्र करत.

मामांनी माझ्या हातापासून आत्यांच्या दोरीपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हंजी तुझा हात आत्या वर धरती, अन् आत्याला बटाटं तू देती. दोघी एकमेकींच्या जिवावर.”

“व्हय मामा. तेच ते.”

“घरात पण असंच चालायलंय म्हणा.”

“अगं, माझ्या मांडीत बटाटे मावेनात,” आत्या म्हणाल्या. “भाजी टाकू का?”

“काका, थांबवा,” मी म्हणाले.

काका थांबेनात. त्यांना एकदम पदाचं महत्त्व कळलं होतं. “थांबवण्याचा अधिकार माझा आहे ना? मग मी योग्य वेळी थांबवीन.” हे घर्रर्र करून लालबुंद झाले होते. शेवटी त्यांनीच मध्येच श्वास घेऊन ‘काका, प्लीज’ म्हटलं, तेव्हा काकांनी हात मागं घेतला. बटाटा थांबला, आत्यांनी दोरी सोडली, आमचे हात खाली पडले, मोटार बंद.

“आता काका, पुन्हा बटाटा पुढं करा.”

काकांनी केला. पण घेणार कोण? माझा हात खाली, मामा बाजूला. काका बटाटा घेऊन तसेच उभे राहिले.

“आता मी पुन्हा दाबल्याबिगर काय बी होत नाय,” मामा म्हणाले. त्यांना अगदी आतून पटलं होतं. त्या रात्री बटाट्याचीच भाजी झाली आणि काका जेवूनच गेले.

गिरणी छान चालली. पहाटेपासून डबे घेऊन बायका यायच्या. छावणीत लग्नाच्या दावतींचा स्वयंपाक करणाऱ्या एक आपा तर रिक्षा करून मिरची घेऊन यायच्या, कारण मामा यंत्र तापू न देता दळायचे आणि तिखटाचा रंग उतरायचा नाही. काका रोज सकाळी येऊन बसायचे. त्यांनी एक रजिस्टरही घातलं होतं. त्यात ‘मोटार सुरू केल्याची वेळ’ आणि ‘बंद केल्याची वेळ’ अशा नोंदी आणि शेरा लिहायला वेगळा रकाना. शेऱ्यात बहुतेक वेळा ‘समाधानकारक’ असं असायचं.

मी रोज संध्याकाळी आल्या आल्या विचारायची, “मामा, स्टार्टर नीट चालतोय ना?”

“झकास!”

एकदा त्यांचा उजवा अंगठा सुजलेला दिसला. “हे काय झालं?”

“पोत्याची सुई लागली.”

पुढचे तीन दिवस मी विचारलं, तिन्ही दिवस उत्तर झकास. खरी गोष्ट अशी होती, की पीठ आणि तिखट डब्यात शिरून माझा तो होल्डिंग कॉन्टॅक्ट बसला होता. बटाट्यांच्या खेळात जो माझा हात होता, तोच आता वर येत नव्हता. त्यामुळं हिरवं दाबलं की मोटार सुरू, सोडलं की बंद. डब्याच्या खाली वायर आत घ्यायला पाडलेलं भोक बुजवायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. टेस्टिंगच्या टेबलावर ‘खट्’ आवाज आला म्हणून मी खूश झाले होते, आणि त्या टेबलावर पीठ उडत नसतं.

मामांना बिघाड पहिल्याच तासात कळला होता. पण सुनेनं गल्लीभर सांगितलेलं काम बिघडलंय हे सुनेला कसं सांगायचं, म्हणून ते दिवसभर अंगठ्यानं बटण दाबून उभे राहायचे. अंगठा सुजल्यावर काकांनी पाळी घेतली. त्यांनी रजिस्टरमध्ये नवा रकाना पाडला, ‘बटण धारण करणाऱ्याचे नाव’. दळण घेऊन येणाऱ्या बायकाही आपापल्या दळणापुरतं बटण दाबू लागल्या. एकीनं तर बटण दाबता दाबता वाटाणे सोलले म्हणे, एका हातानं आणि दातानं.

चौथ्या दिवशी काकांना युक्ती सुचली. बटणाभोवती लोखंडी कडं होतं. बटण आत दाबून त्या कड्यात एक चिंचोका ठोकला तर बटण दाबलेलंच राहतं. चिंचोका निसटू नये म्हणून वरून चिकटपट्टी. काका कुठलंही काम अर्धवट करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी तीन वेढे दिले.

मोटार सुरू राहिली. मामांनी दोन्ही हात मोकळे करून टाळी वाजवली. थोड्या वेळानं बंद करायला लाल बटण दाबलं, मोटार थांबली. बोट काढलं, मोटार सुरू. पुन्हा दाबलं, थांबली. काढलं, सुरू.

“उलटंच झालं की हे,” मामा म्हणाले. “आधी चालवायला धरावं लागायचं, आता थांबवायला धरावं लागतंय.”

“तांत्रिक बाब आहे,” काका म्हणाले. “आपण मेन स्विच वापरू.”

मेन स्विच यंत्राच्या पलीकडं, मागच्या दाराजवळ होता. दुपारपर्यंत त्यांनी तसंच चालवलं. शेरा होता ‘अत्यंत समाधानकारक’.

दुपारनंतर आपा आठ किलो मिरची घेऊन आल्या. मामांनी सगळी मिरची वरच्या नरसाळ्यात ओतली. खालच्या तोंडाला लांब कापडी पिशवी बांधलेली असते, तिच्यात तिखट जमतं. निम्मं दळण झालं असेल तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन रोजचंच. यंत्र थांबलं तेव्हा मामांनी पिशवी झटकायला म्हणून सोडली. आणि त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाला टँकरचा भोंगा वाजला.

त्या वर्षी टँकरचा भोंगा वाजल्यावर चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी थांबायचं नाही. मामा पिशवी टाकून पळाले, काका रजिस्टर टाकून पळाले, आपाही कळशी मागून घेऊन पळाल्या. टँकर नेमका गिरणीसमोर लागला. सगळी गल्ली ड्रम, हंडे, बादल्या घेऊन रांगेत. मेन स्विच चालूच होता, हिरव्या बटणावर चिंचोका होता, नरसाळ्यात चार किलो मिरची होती आणि खालचं तोंड उघडं होतं.

लाईट आली.

मी तिथं नव्हते, पण हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पाहिल्यासारखंच वाटतं. आधी घर्रर्र आवाज आला. मामा म्हणाले, “मी तर इथं हाय, मग आत कोण?” आणि दारातून लाल ढग बाहेर आला. तो सावकाश आला म्हणतात, बैलगाडी यावी तसा. रांगेतली पहिली बाई शिंकली, मग दुसरी, आणि मग पूर्ण गल्ली. ड्रम आडवे झाले. रांगेत नंबर लावताना एकमेकींच्या केसांना हात घालणाऱ्या बाया ‘तुम्ही घ्या आधी, तुम्ही घ्या’ म्हणत पळाल्या. टँकरवाला पाइप सोडून पळाला. गल्लीतली कुत्री त्या दिवशी सिडकोपर्यंत गेली असावीत.

काकांना कर्तव्याची जाणीव झाली. तोंडाला पंचा बांधून ते आत घुसले आणि दाराजवळच्या डब्यावरचं लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं. विजयानं त्यांनी हात काढला. यंत्र सुरू! पुन्हा दाबलं.

“मेन स्विच बंद करा!” बाहेरून मामा ओरडले.

“मी सोडलं की सुरू होतंय!” आतून काका.

“मग चिंचोका काढा!”

“तीन... आऽक्छी... तीन वेढे दिलेत!”

एक हात लाल बटणावर, दुसरा नाकावर. चिकटपट्टी कशानं काढणार? मामा दोनदा आत शिरायला गेले आणि दोनदा शिंकत मागं आले. त्यांच्याच्यानं मागच्या दारापर्यंत जाववेना. घराला वळसा घालून जाता येतं, हे त्या गोंधळात कुणाला सुचलंच नाही.

या सगळ्यात एकट्या आत्या जागच्या हलल्या नव्हत्या. जन्मभर उखळात मिरच्या कांडलेली बाई. पदर नाकाला गुंडाळून त्यांनी टँकरचा मोकाट पाइप धरला आणि एकही थेंब वाया न घालवता गल्लीचे सगळे ड्रम ओळीनं भरले. आपला आधी भरला, हे त्या स्वतःच सांगायच्या.

मी कामावरून रिक्षातून उतरले तेव्हा गल्लीत सगळी माणसं गुलाबी होती. मला वाटलं, निवडणुकीचा निकाल लागला. मामा रडत होते. मिरचीनं की कशानं, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नुसतं गिरणीकडं बोट केलं. मी ओढणी ओली करून तोंडाला बांधली, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले आणि मेन स्विच पाडला.

“काका, सोडा आता. बंद झालं.”

“नाही. सुरू होतं.”

“काका, मेन बंद केलाय.”

“लेखी देतेस?”

त्यांचे डोळे सुजून मिटले होते, त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांची बोटं मी माझ्या हातानं एकेक करून सोडवली. यंत्र सुरू झालं नाही, तेव्हा ते तिथंच पोत्यावर बसले आणि सलग अकरा वेळा शिंकले.

आपा दारात आल्या. कमरेवर हात. “मिरची मेरी थी, और छींक रई पूरी गल्ली! मेरा तिखट कां है?”

मामांनी आधी गल्लीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. “आपा, सगळ्यांच्या नाकात थोडं थोडं हाय.”

आपा क्षणभर रागानं बघत राहिल्या आणि मग असं हसायला लागल्या, की त्यांनाच ठसका लागला. मामांनी गावाकडच्या भावाकडून दुसऱ्या दिवशी तेवढीच मिरची आणवली आणि चाळून, निवडून दळून दिली. पुढं आपा तीन-चार लग्नांत हा किस्सा सांगत फिरल्या. त्यामुळं छावणीतून गिऱ्हाईक वाढलं.

त्या संध्याकाळी मी डबा उघडला. आत पिठाची आणि तिखटाची चटणीच झाली होती. कॉन्टॅक्ट साफ केला, पत्ती बदलली, खालचं भोक रबर घालून बुजवलं. चूक माझी होती, तेही मामांना सांगितलं.

“मला पहिल्या दिवशीच सांगायचं ना, मामा.”

“तू रोज एवढ्या हौसेनं इचारायचीस, की नीट चालतोय ना. मला नाय म्हणवंना.” त्यांनी उघड्या डब्यात वाकून बघितलं. “पण एक कळलं पोरी. लाईट गेल्यावर ते आतलं धरलेलं सुटतं, ते बिघाड म्हणून नाय सुटत. माणूस परत येऊन दाबंपर्यंत थांबायला म्हणून सुटतं.”

आयटीआयच्या तोंडी परीक्षेत मी याच्या निम्मंही चांगलं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मामांनी हट्टच धरला, की मला तुझा कारखाना बघायचाय. एका शनिवारी मी त्यांना घेऊन गेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. आमचे मालक भले गृहस्थ. त्यांनी मामांना टेस्टिंगच्या टेबलाशी नेलं. तिथं साठ हॉर्सपॉवरच्या मोटारीचा स्टार्टर लावलेला होता. “दाबा बाबा,” मालक म्हणाले.

मामांनी दाबलं. खट् झालं, मोटार हळूहळू फिरायला लागली. थोड्या वेळानं आतून पुन्हा आवाज आला, खटाक्, आणि मोटारीनं एकदम पूर्ण वेग घेतला.

“हे दोनदा का वाजलं?”

माझ्याबरोबरची एक जण सांगायला लागली, की एवढी मोठी मोटार पहिल्या झटक्यात विजेच्या पूर्ण दाबानं सुरू केली तर ती इतका करंट ओढते, की शेडमधले दिवेसुद्धा मंद होतात. म्हणून आधी कमी दाबानं फिरवायची, वेग आला की पूर्ण दाब द्यायचा.

“नवा बैल असाच जुंपतेत,” मामा म्हणाले. “पहिल्यांदा नुसता मोकळा चालवायचा. मग औत.”

मालकांना हे फार आवडलं. त्यांनी मामांना अजून एकदा दाबू दिलं. मामांनी अजून पाच वेळा दाबलं. सातव्या वेळेला मालकांनी त्यांचा हात प्रेमानं धरला आणि म्हणाले, “बाबा, एवढी मोठी मोटार अशी सारखी सुरू-बंद नाही करत. तापते.” मग त्यांना केबिनमध्ये बसवून चहा दिला. आमच्या मधल्या सुट्टीत सातही जणींनी आपापल्या डब्यातलं त्यांना वाढलं. त्यांनी प्रत्येकीचं माहेर विचारलं, प्रत्येकीच्या गावात पाऊस किती झाला ते विचारलं, आणि एकीला तिच्या भाजीत मीठ कमी आहे असंही सांगितलं.

परत येताना ते रिक्षातून वाकून बाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. सेव्हन हिल्सचा पूल आल्यावर त्यांनी विचारलं, “डबे सगळे तुम्ही पोरीच बनवता?”

“हो.”

“अन् बटण पण तुम्हीच दाबून बघता?”

“हो, आम्हीच.”

“मग त्या मालकाला कवा दाबायला मिळतं?”

“त्यांना नाही मिळत मामा. ते केबिनमध्येच बसतात.”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला.

“बिचारा,” ते म्हणाले.